गुन्हेगारीशास्त्र शिकायचंय? आधी कोर्टातली आपली जागा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. पुढे क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायकॉलॉजी करायचंय. पदवी कुठली घ्यावी, नागपुरात राहून जमेल का, आणि शेवटी काम काय मिळतं?

ही दोन नावं जाहिरातीत जोडीनं येतात, पण कामं वेगळी आहेत. गुन्हे कुठे आणि किती होतात, का होतात, शिक्षेनं काय साधतं, हे क्रिमिनॉलॉजी विचारते. तिची मुळं समाजशास्त्रात, कायद्यात आणि संख्याशास्त्रात आहेत. फॉरेन्सिक सायकॉलॉजी एका माणसासमोर बसते आणि कोर्टाच्या एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर शोधते. हा आरोपी आज खटला समजू शकतो का? या सोळा वर्षांच्या मुलाला आपण काय करतोय त्याचे परिणाम कळत होते का? तिसरं फॉरेन्सिक सायन्स, म्हणजे रक्त, विष, डीएनए. धंतोलीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत मुख्यतः हेच चालतं. नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेतली बी.एस्सी. याच तिसऱ्या वाटेची आहे. तिला बारावी सायन्स लागतं, त्यामुळे बी.ए.वाल्यांना ते दार बंद आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण तुम्हाला जे काम करायचंय ते त्या दारातून गेल्यानं मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भारतीय कायद्यात ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ नावाचा माणूस जवळजवळ नाहीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६७ काढून वाचा (जुन्या सीआरपीसीत हे ३२८ होतं). आरोपी मनानं विकल आहे असं मॅजिस्ट्रेटला वाटलं तर आधी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी होते. त्याला तसं आढळलं तर आरोपीला पुढे पाठवायचं ते सरकारी रुग्णालयातल्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे अथवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. कलमातले शब्दच ते आहेत. नागपुरात याचा अर्थ प्रादेशिक मनोरुग्णालय, किंवा मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सांगून ठेवलंय: ढोबळमानानं, भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं, मान्य केलेली क्लिनिकल पात्रता असलेला. नुसतं एम.ए. सायकॉलॉजी किंवा एम.ए. क्रिमिनॉलॉजी असलेला माणूस या व्याख्येत बसत नाही.

म्हणून माणसासमोर बसायचं असेल तर क्रम असा: मानसशास्त्रात पदव्युत्तर, मग आरसीआय मान्यतेचा क्लिनिकल अभ्यासक्रम, मग आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंदणी आणि तिचा सीआरआर क्रमांक, आणि त्यावर फॉरेन्सिकचं शिक्षण. उलट्या क्रमानं गेलात, म्हणजे आधी फॉरेन्सिक सायकॉलॉजीची पदवी आणि मग बघू, तर कपाटात प्रमाणपत्र राहतं आणि अहवालावर सही दुसऱ्याची लागते. आरसीआयची यादी दरवर्षी बदलते. दोन वर्षांचं एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी हा आजवरचा राजमार्ग, पण यूजीसीनं एम.फिल. बंद करताना या विषयाला २०२५-२६ पर्यंतच मुदतवाढ दिली. आता साय.डी. (Psy.D., मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) आणि नव्या रचनेच्या पदव्या पुढे आल्या आहेत. तेव्हा ताईदादांनी काय केलं ते विचारून चालणार नाही. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची संस्थांची मान्यता आरसीआयच्या यादीत स्वतः तपासा, आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे तेही बघा. पैसे भरल्यावर ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं उत्तर मिळालं तर काही करता येत नाही. दुसरी अडचण दूरस्थ शिक्षणाची. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी करायचा बेत अनेकांचा असतो, पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. तुमचं एम.ए. नियमितच हवं.

नागपुरात राहून एम.ए. मानसशास्त्र होतं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत. निव्वळ क्रिमिनॉलॉजीसाठी मात्र बाहेर बघावं लागतं. जुनं आणि भक्कम ठिकाण म्हणजे सागरचं हरिसिंह गौर विद्यापीठ, तिथला विभाग १९५९ पासूनचा. मद्रास विद्यापीठाचा विभागही नावाजलेला आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याच्या अंगानं हा विषय शिकवतात, आणि तुरुंग, बालगृह, परिवीक्षा (प्रोबेशन) यांत काम करायचं असेल तर त्या शिक्षणाला तोड नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात वर्तनविषयक न्यायसहायक विज्ञानाची वेगळी शाखा आहे, प्रवेश एनएफएटी परीक्षेतून. या विद्यापीठाच्या नागपूर परिसराची पायाभरणी मे २०२५ मध्ये कामठी तालुक्यातल्या चिंचोलीला झाली. तिथे यंदा कुठले अभ्यासक्रम आहेत ते माहितीपत्रकातच बघा. नागपूर परिसर म्हटलं म्हणजे गांधीनगरचं सगळं इथे मिळेल असं धरून चालू नका.

तीन महिन्यांच्या ‘क्रिमिनल प्रोफायलिंग’ प्रमाणपत्रांबद्दल एकच वाक्य: हौस म्हणून करा, सीव्हीत खालच्या ओळीला ठेवा.

अभ्यासात काय येतं ते आता. सिद्धांत पाठ करणं सोपं आहे: १७६४ चा बेकारिया (शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात), १८७६ चा लोम्ब्रोसो (जन्मजात गुन्हेगार), १९३८ चा मर्टन (समाजरचनेचा ताण), १९६९ चा हिर्शी (समाजाशी बंध), १९७९ चे कोहेन आणि फेल्सन (रोजच्या व्यवहारातली संधी). परीक्षेत सगळे तारखांसकट लिहितात आणि गुण सारखेच घेतात. समजलंय की नाही ते विदर्भावर लावताना कळतं. माणूस जन्मतः गुन्हेगार असतो, ते कवटीवरून ओळखता येतं, हे लोम्ब्रोसो सांगत होता १८७६ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधीच, १८७१ मध्ये, इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमाती कायदा आणला होता आणि अख्ख्या जमातींवर जन्मानं गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण अमरावती-यवतमाळकडे चोरी झाली की पहिली जीप फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, का जाते, याचं उत्तर शिक्का सिद्धांतात (लेबलिंग थिअरी) शोधा. मग पुढचा प्रश्न विचारा: ज्या वस्तीत पोलीस जास्त जातात तिथेच जास्त गुन्हे नोंदवले जातात, तर त्या नोंदींवरून त्या वस्तीबद्दल काय म्हणता येईल? हा प्रश्न ज्याला सुचतो त्याची क्रिमिनॉलॉजी सुरू झाली.

आकड्यांचं तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘क्राइम इन इंडिया’ अहवालात नागपूर हे एकोणीस महानगरांपैकी एक, त्यामुळे दर वर्षी ‘नागपूर अमुक क्रमांकावर’ अशी बातमी येते. तक्ता उघडा. महानगरांच्या तक्त्यात लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरलेली असते, नागपूरची सुमारे २५ लाख. समजा वर्षात १०,००० गुन्हे नोंदले गेले. दर लाखामागे ४०० होतात. आज खरी लोकसंख्या ३० लाख धरली तर तोच दर ३३३ वर येतो. एकही गुन्हा कमी न होता! राज्यांच्या तक्त्यात मात्र अंदाजित चालू लोकसंख्या असते, म्हणून नागपूरचा दर महाराष्ट्राच्या दराशेजारी ठेवून तुलना करणं चूक. शिवाय एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी मोजणीत सगळ्यात गंभीर एकच धरलं जातं. घरफोडी करताना खून झाला की घरफोडी तक्त्यातून नाहीशी होते. एम.ए.चे प्रबंध याच दोन ठिकाणी सर्वाधिक आपटतात.

मानसशास्त्राच्या बाजूचा एक प्रयोग जवळून बघा. लॉफ्टस आणि पामर, १९७४. पंचेचाळीस विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग विचारला. फरक एका क्रियापदाचा. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ म्हणून विचारलं तर सरासरी उत्तर ताशी चाळीस मैलांच्या वर गेलं, एकमेकींना ‘लागल्या’ म्हटलं तर बत्तीसच्या आत. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच नव्हतीच, तरी ‘आदळल्या’ गटातल्या पन्नासपैकी सोळा जणांना ती दिसली होती. आता हे आपल्या पोलीस ठाण्यात आणा. कुठलाही जबाब उघडा, सुरुवात ठरलेली: ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की...’ म्हणजे प्रश्न होता हे जबाबच कबूल करतो, पण प्रश्न काय होता ते कुठेच लिहिलेलं नसतं. बोलणारी बाई वऱ्हाडीत म्हणाली असेल, ‘गाडी अंगावर आली न् माह्या पोराले लागली.’ कागदावर उतरतं, ‘सदर चारचाकी वाहनाने भरधाव वेगात येऊन माझ्या मुलास जोरदार धडक दिली.’ ‘भरधाव’ कोणाचं? तिचं की लिहिणाऱ्याचं? असे पाच साक्षीदारांचे जबाब शेजारी ठेवा आणि शब्दशः जुळणारी वाक्यं रंगवा. ठाण्यात दिलेल्या या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, आणि खटल्यात तो मुख्यतः साक्षीतली विसंगती दाखवायलाच वापरता येतो. तरी उलटतपासणी त्याच शब्दांवर उभी राहते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे काम छान आहे आणि त्याला कोणाच्या मनात शिरावं लागत नाही.

भाषेचा मुद्दा नागपुरात फार मोठा आहे आणि पुस्तकांत तो नाही. समोरचा माणूस वऱ्हाडी बोलतो, नागपुरी हिंदी बोलतो, कधी गोंडी. ‘डोक्यात भूत शिरलं होतं’ हे रागाचं वर्णन आहे, भास झाल्याची तक्रार नव्हे. ‘देवी अंगात येते’ हे ज्या घरात पिढ्यांपिढ्या चाललंय तिथे तेवढ्यावरून आजार ठरत नाही. ती अवस्था कधी येते, किती वेळ टिकते, घरचे तिला काय म्हणतात, नंतर ती बाई कामाला लागते का, हे विचारावं लागतं. मानसशास्त्रीय चाचण्यांचं तर विचारूच नका. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअरची सायकोपॅथी तपासायची यादी वीस बाबींची, गुण ४० पैकी, ३० किंवा जास्त आले की सायकोपॅथ, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ती यादी प्रशिक्षणाशिवाय वापरायची नसते, तिला मुलाखतीबरोबर कागदपत्रांचा आधार लागतो, आणि ३० ही सीमा परदेशातल्या कैद्यांवर ठरलेली आहे, हे कोणी सांगत नाही. इंग्रजी प्रश्नावली स्वतःच मराठीत करून कैद्यांकडून भरून घेतली तर त्या गुणांना अर्थ उरत नाही. ‘मला क्वचितच असं वाटत नाही की...’ या वाक्याला ‘चूक’ म्हणजे नेमकं काय, हे प्रश्नकर्त्यालाही सांगता येत नाही.

आता अहवाल, कारण या धंद्यात शेवटी हातात तोच राहतो. सगळ्यात मोठी गल्लत दोन काळांची होते. खटल्याला उभं राहण्याची क्षमता ही आजची गोष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा बचाव (पूर्वीचं आयपीसी ८४) हा कृत्याच्या क्षणाचा प्रश्न आहे: त्या वेळी मनाच्या विकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे कळायला तो असमर्थ होता का. आज भ्रमात असलेला माणूस त्या दिवशी शुद्धीत असू शकतो आणि उलटही. शिवाय आजार असणं पुरेसं नाही. वैद्यकीय वेड आणि कायद्याचं वेड वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयानं सुरेंद्र मिश्रा प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट म्हटलंय, आणि बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो.

वाईट वाक्य असं असतं: ‘आरोपी मनोरुग्ण असून त्याला गुन्ह्याची जाणीव नव्हती.’ यात आजाराचं नाव नाही, काळ नाही, आधार नाही, वर न्यायाधीशाचा निकाल मात्र देऊन टाकलाय. चालणारं वाक्य लांबलचक आणि रटाळ असतं: ‘दिनांक अमुक आणि तमुक रोजी दोन बैठकांत एकूण २ तास ४० मिनिटे मुलाखत घेतली, भाषा वऱ्हाडी व हिंदी, दुभाषा नाही. एफआयआर, दवाखान्याची जुनी केसपेपर नोंद आणि कारागृह रुग्णालयाची औषधनोंद पाहिली. दोषारोपपत्र उपलब्ध झाले नाही. न्यायाधीश, सरकारी वकील आणि स्वतःचा वकील यांची कामे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितली. कबुली दिल्यास काय होईल हे तीनदा समजावूनही सांगता आले नाही.’ यातली ‘उपलब्ध झाले नाही’ ही ओळ टाळू नका. उलटतपासणीत वकील नेमकं तेच शोधतो, आणि तुम्ही आधीच लिहिलं असेल तर त्याचा पहिला वार फुकट जातो.

विधिसंघर्षग्रस्त बालकांचं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांचं, काम वाढतंय. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेला, तर त्याला प्रौढासारखं खटल्याला उभं करायचं का हे ठरवण्यासाठी बाल न्याय मंडळ बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करतं. बघायच्या गोष्टी ठरलेल्या: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि परिस्थिती. मुदत तीन महिन्यांची. मंडळात बालमानसशास्त्राची पात्रता असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात सांगितलं. इथली ठरलेली चूक म्हणजे बुद्ध्यांक मोजायचा आणि ९० आला की ‘परिणाम समजतात’ असं लिहून मोकळं व्हायचं. बुद्ध्यांक चाळीस प्रश्नांची उत्तरं शांत खोलीत मिळाली एवढंच सांगतो. चार मोठ्या मुलांबरोबर, रात्री, दारू पोटात असताना काय झालं ते त्यात येत नाही. दुसरी चूक, मुलाकडून गुन्ह्याची कबुली काढणं. ते मूल्यांकन आहे, खटला नव्हे.

नार्को आणि पॉलिग्राफचं आकर्षण अनेकांना या विषयात खेचून आणतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही. पॉलिग्राफ श्वास, नाडी-रक्तदाब आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजतो, खोटं नाही. घाबरलेला निर्दोष माणूसही घाम फोडतो. राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांत मानसशास्त्राच्या वैज्ञानिक सहायकाची वेगळी पदं असतात, पण मोजकी. त्यांच्या भरोशावर चार वर्षं घालवू नका.

प्रबंधासाठी मध्यवर्ती कारागृहात जायचं असेल तर अर्ज वर्धा रोडवरच्या कारागृहात नेऊन देऊ नका. संशोधनाच्या परवानगीसाठी पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे महाविद्यालयामार्फत पत्र जावं लागतं, सोबत आराखडा, प्रश्नावली आणि नीतिसमितीची मंजुरी. याला महिने लागतात, म्हणून पत्र पहिल्या सत्रातच टाका आणि परवानगी न आल्यास वापरायचा दुसरा विषय तयार ठेवा. आत गेल्यावर लक्षात ठेवा की २०२२ च्या अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते, म्हणजे दोषी ठरलेले नव्हते. ‘गुन्हेगारांचे व्यक्तिमत्त्व’ असं शीर्षक देऊन त्यांच्या चाचण्या घेणं हे शास्त्र नव्हे. त्यांना प्रलंबित खटल्याबद्दल विचारूही नका. वकिलाला असतं तसं गोपनीयतेचं कवच मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला नाही, तुमची वही कोर्ट मागवू शकतं. हे संमतीपत्रात लिहा आणि वाचून दाखवा, अंगठा घेत असाल तर स्वतंत्र साक्षीदारासमोर.

तोवर फुकट मिळणारं शिक्षण घ्या. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात सत्र खटले खुले असतात, बालकांच्या आणि लैंगिक गुन्ह्यांच्या बंद दालनातल्या सुनावण्या सोडून. आठवड्यातून एक अर्धा दिवस जा, मागच्या बाकावर बसा, फोन बंद. डॉक्टरची उलटतपासणी असेल तो दिवस चुकवू नका. प्रश्न, उत्तर आणि दाखवलेला कागद, एवढंच वहीत.

कामाचं विचाराल तर सरकारी रुग्णालयं, बालगृहं आणि निरीक्षणगृहांत समुपदेशक, पॉक्सो प्रकरणांत सहायक व्यक्ती (खटल्याच्या काळात बालकाला साथ देणारी), परिवीक्षा अधिकारी, अध्यापन (नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी स्वतंत्र विषय आहे), आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मनोज निकालानंतर फाशीच्या प्रकरणांतलं शिक्षा सौम्य करण्याचं काम. त्या निकालानं आरोपीचं बालपण, आजार, तुरुंगातली वागणूक हे सगळं शिक्षा ठरवण्याआधी कोर्टासमोर यायला हवं असं बजावलं. हे काम करणारा माणूस नागपुरातून एसटीनं गडचिरोलीच्या आतल्या गावाला जातो, आईशी तीन वेगवेगळ्या दिवशी बोलतो, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख तपासतो, आठवीत शाळा का सुटली ते शिक्षकाला विचारतो, आणि तापात झटके आले होते हे आजी सांगते तेव्हा त्या वर्षीचा प्राथमिक आरोग्य केंद्राचा कागद शोधायला निघतो.